अण्वस्त्र कार्यक्रमाची बातमी कशी वाचावी: सोलापुरातील अभ्यासमंडळांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकीत सकाळचे वर्तमानपत्र हातोहात फिरते. इराणने युरेनियमचे समृद्धीकरण वाढवले, उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडले किंवा पाकिस्तानच्या मंत्र्याने अणुबॉम्बची भाषा केली की तासभर चर्चा रंगते. मात्र ती बहुधा ‘कोणाकडे किती बॉम्ब आहेत’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. हा आकडा ठाऊक असावा, यात वाद नाही. स्टॉकहोममधील शांतता संशोधन संस्थेच्या २०२५ च्या वार्षिक अंदाजानुसार चीनकडे किमान ६००, भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत. परंतु या आकड्यांवरून उद्या काय घडेल हे कळत नाही. एखाद्या देशाच्या अण्वस्त्र कार्यक्रमाचा अर्थ त्याच्या प्रयोगशाळेत जितका सापडतो, त्याहून अधिक शेजारच्या राजधान्यांत सापडतो. शेजाऱ्याने कोणती शस्त्रे मागवली, कोणाशी करार केला, कोणती सीमा ओलांडण्याचे टाळले आणि कोणाच्या दारात मध्यस्थीसाठी गेला, हे वाचण्याची सवय लावून घ्यायची, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू आहे.

साहित्य फारसे लागत नाही. चांगला मोठा नकाशासंग्रह, कंपास, जाड वही आणि मूळ करारांच्या छापील प्रती एवढे पुरे. करारांच्या प्रतींबाबत मात्र आग्रह धरावा. अण्वस्त्रप्रसारबंदी करार अवघ्या अकरा कलमांचा आहे आणि भारत व पाकिस्तान यांच्यातील, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा १९८८ चा करार तर त्याहून खूपच आटोपशीर आहे. करारावरील दहा लेख वाचण्यापेक्षा करार स्वतः एकदा वाचलेला बरा. लेखकाने काय गाळले हेही मग आपल्याला दिसू लागते.

आधी टप्पा ओळखावा

बातमी हातात आली की प्रथम तो देश नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते वहीत लिहावे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगाचा, म्हणजे २३५ अणुभाराचा अंश केवळ ०.७ टक्के असतो. हा अंश वाढवत नेणे म्हणजे समृद्धीकरण. वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना तो ३ ते ५ टक्के लागतो आणि बॉम्बसाठी साधारण ९० टक्के. येथे नवख्या वाचकाची हमखास फसगत होते. २० टक्क्यांवर पोहोचलेला देश ९० पासून फार दूर आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात नैसर्गिक युरेनियमपासून २० टक्क्यांपर्यंत जातानाच बहुतांश श्रम खर्ची पडलेले असतात आणि उरलेली वाट तुलनेने लवकर सरते. इराणने एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्क्यांचे समृद्धीकरण सुरू केले तेव्हा पश्चिमेकडील राजधान्या का हादरल्या, याचे उत्तर या गणितात आहे. मोठ्या सत्तांनी इराणशी केलेल्या २०१५ च्या करारात समृद्धीकरणाची मर्यादा ३.६७ टक्के ठरली होती.

इंधन जमवणे, चाचणी करणे, बॉम्ब क्षेपणास्त्रावर बसेल इतका लहान करणे, तो सैन्याच्या हाती देणे आणि तो केव्हा वापरायचा याचे धोरण जाहीर करणे हे पाच वेगवेगळे टप्पे आहेत. प्रत्येकाला शेजारी वेगळे उत्तर देतो. यांतला कोणता टप्पा बदलला हे बातमीतून कळत नसेल, तर ती बातमी बाजूला ठेवावी.

नकाशावर वर्तुळे काढावीत

दुसरे काम कंपासचे. पाकिस्तानने २०११ मध्ये ‘नस्र’ या छोट्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी केली. त्याचा पल्ला ६० किलोमीटर. हा आकडा नुसता ऐकून काहीच बोध होत नाही. सोलापूरवर कंपासचे टोक रोवून ६० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची कड सरळ रेषेत पंढरपूरच्या आसपास जाते. अक्कलकोट आत येते, तुळजापूर आत येते, बार्शी मात्र थोडक्यात बाहेर राहते. मग तेच वर्तुळ पंजाबच्या सीमेवर काढावे. इतक्या कमी पल्ल्याचे अस्त्र दिल्ली किंवा मुंबईसाठी नाही, ते सीमा ओलांडून येणाऱ्या रणगाड्यांसाठी आहे, हे मग सांगावे लागत नाही. ते नकाशावरच दिसते.

या एका वर्तुळातून दक्षिण आशियाच्या सुरक्षेचा अर्धा अभ्यास होतो, म्हणून येथे घाई करू नये. संसदेवर १३ डिसेंबर २००१ रोजी हल्ला झाल्यानंतर भारताने ‘ऑपरेशन पराक्रम’अंतर्गत मोठे सैन्य सीमेवर उभे केले, परंतु जमवाजमवीला आठवडे लागले आणि तेवढ्या वेळात आंतरराष्ट्रीय दबाव येऊन पोहोचला. त्यानंतर भारतीय लष्करी वर्तुळात अल्प सूचनेवर मर्यादित मुसंडी मारण्याचा विचार पुढे आला. त्या विचाराला पाकिस्तानने दिलेले उत्तर म्हणजे नस्र. आता याच्याशेजारी ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेले भारताचे आण्विक धोरण ठेवावे. अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही, पण भारतावर किंवा भारतीय सैन्यावर कोठेही अण्वस्त्राचा वापर झाला तर प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य हानी करणारे असेल, असे ते धोरण सांगते. ‘कोठेही’ हा शब्द अधोरेखित करावा, कारण त्यात पाकिस्तानच्या भूमीवर उभे असलेले भारतीय सैन्यही येते. म्हणजे पाकिस्तान म्हणतो, ‘आम्ही छोटा वापर करू शकतो’, आणि भारत म्हणतो, ‘आमच्या लेखी छोटा वापर असे काही नसते’. दोघांपैकी कोण आपला शब्द खरा करील याची खात्री कोणालाच नसणे, हाच तेथील धाकाचा पाया आहे. माझ्या मते तो पाया बॉम्बच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक चिंताजनक आहे आणि अभ्यासमंडळाने आपला सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा.

याउलट टोकाचे उदाहरण म्हणून पाकिस्तानचे ‘शाहीन-३’ घ्यावे. त्याचा पल्ला २७५० किलोमीटर सांगितला जातो. हे वर्तुळ पाकिस्तानच्या आग्नेय टोकावरून काढले तर अंदमान-निकोबारपर्यंत पोहोचते आणि पश्चिम टोकावरून काढले तर इस्रायललाही कवेत घेते. केवळ भारतासाठी म्हणून बांधलेल्या अस्त्राचा पल्ला तिसऱ्याच प्रदेशातील चिंतेचा विषय कसा होतो, हे त्यावरून समजते.

साखळी मागे नेऊन पाहावी

कोणताही अण्वस्त्र कार्यक्रम एकटा जन्मत नाही. म्हणून प्रत्येक देशापुढे ‘याच्या आधी कोण?’ असा प्रश्न लिहून मागे मागे जावे. पाकिस्तानने २८ आणि ३० मे १९९८ रोजी बलुचिस्तानात चाचण्या केल्या, त्याआधी ११ आणि १३ मे रोजी भारताने पोखरणला केल्या होत्या. भारताची पहिली चाचणी १८ मे १९७४ ची. त्याच्या मागे १९६२ चे युद्ध आणि १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोप नूर येथे झालेली चीनची पहिली चाचणी. चीनच्या मागे अमेरिका, आणि लवकरच सोव्हिएत संघाचेही भय. १९९८ च्या चाचण्यांनंतर पंतप्रधान वाजपेयी यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात कारण म्हणून चीनकडे बोट दाखवले होते. ते पत्र अमेरिकी वृत्तपत्रात छापून आले आणि बीजिंगशी संबंध काही काळ बिघडले. म्हणजे चाचणी वाळवंटात झाली, झळ ईशान्येकडील सीमेच्या राजकारणाला लागली.

येथे सोलापूरकरांनी एका गोष्टीचे भान ठेवावे. आपल्या शहराचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेथील जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तेथेच वारले, आणि चीनचे नेते आजही त्यांचे नाव आदराने घेतात. तो आदर खरा आहे. परंतु जनतेचे सौहार्द आणि राज्यांचे सामरिक हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली जमा दुसरीत धरता येत नाही. चीनविषयी चर्चा करताना या दोन्ही नोंदी ठेवाव्यात आणि एकीने दुसरी खोडू नये.

युद्ध टळले का, हे विचारताना

अण्वस्त्रांमुळे युद्धे टळतात, असे विधान सर्रास केले जाते. ते तपासण्यासाठी वहीत तारखांचा एक उभा रकाना आखावा. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर जाहीरनामा झाला आणि त्याच उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध पेटले. दोन्ही देश उघडपणे अण्वस्त्रसज्ज होऊन वर्षही उलटले नव्हते. मोठ्या युद्धाची शक्यता दोघांनाही नकोशी झाली, म्हणूनच लहान आगळीक परवडेल असे एका बाजूला वाटले. अभ्यासक याला स्थैर्य-अस्थैर्याचा विरोधाभास म्हणतात. वरच्या पातळीवर स्थैर्य, खालच्या पातळीवर अस्थैर्य. त्याच युद्धात भारतीय हवाई दलाने नियंत्रण रेषा न ओलांडण्याचे बंधन पाळले, हेही त्याच रकान्यात लिहावे.

मग पुढील नोंदी क्रमाने घ्याव्यात. सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे मर्यादित कारवाई झाली. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोट येथे, म्हणजे थेट पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात, हवाई हल्ला झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतर ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १० मे रोजी दोन्हीकडील लष्करी कारवाई महासंचालकांच्या संभाषणानंतर मारा थांबला. नकाशावर या ठिकाणांवर टाचण्या टोचल्या तर प्रत्येक वेळी कारवाई आधीपेक्षा आत गेलेली दिसते. अण्वस्त्रांचा धाक नाहीसा झालेला नाही, पण त्या धाकाखाली किती जागा उरते याची चाचपणी दोन्ही बाजू सतत करत आहेत. ही चाचपणी कोठे थांबेल हे आधी सांगता येत नाही आणि म्हणूनच या विषयाकडे क्रिकेटच्या सामन्यासारखे पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक रकाना तिसऱ्या देशासाठी ठेवावा. अण्वस्त्रधारी शेजारी भांडू लागले की बाहेरच्या सत्ता धावून येतात, मग त्यांना बोलावलेले असो वा नसो. ४ जुलै १९९९ रोजी नवाझ शरीफ वॉशिंग्टनला जाऊन क्लिंटन यांना भेटले आणि कारगिलमधून माघारीची वाट मोकळी झाली. २०२५ मध्ये अमेरिकेने मध्यस्थीचे श्रेय घेतले आणि भारताने ते स्पष्टपणे नाकारले. काश्मीरचा प्रश्न द्विपक्षीय आहे ही भारताची भूमिका आणि अण्वस्त्रांमुळे ओढवणारे जगाचे लक्ष, यांच्यातील ताण प्रत्येक संकटात वर येतो. मुत्सद्देगिरीवरील परिणाम शोधायचा असेल तर पाणी मुरते ते येथे.

रुक्ष कागदांकडे दुर्लक्ष करू नये

दरवर्षी १ जानेवारीला वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येते. दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच दिवशी दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या काळात, ३१ डिसेंबर १९८८ रोजी, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. तो २७ जानेवारी १९९१ पासून अमलात आला आणि १९९२ पासून ही देवाणघेवाण अखंड चालू आहे. कारगिल झाले, संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्ये समोरासमोर उभी होती, २०१९ मध्ये उच्चायुक्त परत पाठवले गेले, तरी यादी चुकली नाही. कोणत्याही शिखर परिषदेच्या छायाचित्रापेक्षा मला या चार ओळी अधिक मोलाच्या वाटतात. त्या कापून वहीत चिकटवाव्यात.

असेच आणखी दोन कागद आहेत. बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीने जाऊन लक्ष्यावर कोसळणाऱ्या क्षेपणास्त्राच्या चाचणीची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार आणि अण्वस्त्रांसंबंधी अपघातांचा धोका कमी करण्याचा २००७ चा करार. पहिल्यातील उणीव ९ मार्च २०२२ रोजी उघड झाली. भारताकडून चुकून सुटलेले एक क्रूझ, म्हणजे विमानासारखे उडत जाणारे क्षेपणास्त्र पाकिस्तानातील मियां चन्नू येथे जाऊन पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. भारताने दोन दिवसांनी खेद व्यक्त केला, चौकशी केली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. २००५ चा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे, क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येतच नाहीत. कराराची प्रत समोर असेल तर ही फट कोणाही विद्यार्थ्याला स्वतः शोधता येते.

बंधने केवळ युद्धाशी निगडित नसतात. तारापूरची अणुभट्टी अमेरिकेच्या साहाय्याने उभी राहून १९६९ मध्ये वीज देऊ लागली. १९७४ च्या चाचणीनंतर कॅनडाने सहकार्य थांबवले, अणुपुरवठादार देशांनी आपला गट उभारला आणि अमेरिकेने १९७८ मध्ये केलेल्या कायद्यामुळे तारापूरचे इंधन अडले; पुढे ती जबाबदारी फ्रान्सने घेतली. पोखरणच्या वाळूतील एका स्फोटाचा परिणाम आपल्याच राज्यातील वीजकेंद्रावर झाला होता. ही कोंडी सुटायला ६ सप्टेंबर २००८ उजाडावे लागले, कारण त्या दिवशी त्याच गटाने भारताला सवलत दिली.

दूरच्या प्रदेशांवर सराव करावा

दक्षिण आशियाची चर्चा आपल्याला भावनेपासून वेगळी ठेवता येत नाही, म्हणून हीच पद्धत प्रथम पूर्व आशियावर वापरून पाहावी. उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ पासून ३ सप्टेंबर २०१७ पर्यंत सहा चाचण्या केल्या. त्यांना उत्तर म्हणून दक्षिण कोरियाने अमेरिकेची ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवू दिली. तिच्या रडारला आपल्या प्रदेशातले दिसेल, अशी तक्रार चीनने केली आणि २०१७ मध्ये दक्षिण कोरियाकडे जाणाऱ्या चिनी पर्यटकांच्या सहली थांबल्या. म्हणजे बॉम्ब उत्तर कोरियाचा, यंत्रणा अमेरिकेची, राग चीनचा आणि तोटा सोल शहरातील दुकानदारांचा. हा प्रवास एका पानावर बाण काढून मांडता आला की पद्धत हाती आली असे समजावे.

आखाताकडे पाहताना ‘टेबलाभोवती कोण नव्हते’ हा प्रश्न विचारावा. १४ जुलै २०१५ च्या करारात इराणसमोर सहा मोठ्या सत्ता होत्या. सौदी अरेबिया नव्हता, इस्रायल नव्हता. ८ मे २०१८ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले, तेव्हा इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली आणि आखातातील हवाई मार्ग काही काळ बंद झाले. आपल्या जिल्ह्यातील ज्या घरांतील माणसे तिकडे कामाला आहेत, त्यांना हा अभ्यास मुळीच दूरचा नाही.

शस्त्रे सोडणाऱ्या देशांचेही एक पान असावे. दक्षिण आफ्रिकेने आपली सहा अण्वस्त्रे मोडीत काढली आणि १९९३ मध्ये ते जाहीर केले. युक्रेनने १९९४ च्या बुडापेस्ट येथील सुरक्षेच्या आश्वासनांवर विसंबून सोव्हिएत काळातील अण्वस्त्रे रशियाकडे सोपवली. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये कार्यक्रम सोडला. या तिघांचे पुढे काय झाले आणि प्योंगयांग व तेहरान यांनी त्यातून कोणता धडा घेतला असेल, यावर एक स्वतंत्र बैठक घ्यावी. ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी १९९१ मध्ये परस्परांच्या अणुकेंद्रांच्या तपासणीसाठी उभारलेली संयुक्त संस्था त्याच बैठकीत घ्यावी, म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही.

बैठक घेताना

विधान आणि धोरण यांत गल्लत होऊ देऊ नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरण येथे संरक्षणमंत्र्यांनी प्रथम वापर न करण्याच्या धोरणाबाबत पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील असे म्हटले. परंतु २००३ चे अधिकृत धोरण आजवर मागे घेतलेले नाही. दोन्ही नोंदी तारखेसह, वेगवेगळ्या रकान्यांत कराव्यात. मोबाइलवर फिरणारी चित्रफीत पुराव्यात धरू नये. मे २०२५ मध्ये जुन्या आणि खोट्या चित्रफितींचा किती सुळसुळाट झाला होता ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले एकाच बाकावर बसून अभ्यास करतात. पाकिस्तानच्या सरकारविषयी बोलताना बाकावरच्या एकाही मुलाला खुलासा देण्याची पाळी येऊ नये, ही बैठक चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि तशी वेळ आलीच तर चर्चा तेथेच थांबवून नकाशाकडे वळावे. देशाचे नाव घेताना ‘सरकार’, ‘लष्कर’ की ‘जनता’ यांपैकी कोण अभिप्रेत आहे ते प्रत्येकाने स्पष्ट म्हणावे. एवढ्या शिस्तीने बोलण्यातला अर्धा विखार निघून जातो आणि विश्लेषणही अचूक होते.

बैठकीनंतर प्रत्येकाने एका पानाचे टिपण लिहावे. टप्पा, पल्ला, मागची साखळी, शेजाऱ्याचे उत्तर, लागू असलेला करार आणि तिसरा देश एवढे त्यात आले की शेवटच्या चार ओळी अद्याप काहीही न केलेल्या देशासाठी ठेवाव्यात. जपानकडे काही टन प्लुटोनियम आहे, तंत्रज्ञान आहे, शेजारी उत्तर कोरिया आहे, तरी त्याने बॉम्ब केलेला नाही. सौदी युवराजांनी मार्च २०१८ मध्ये सांगितले होते की इराणने बॉम्ब बनवल्यास आम्हीही लवकरात लवकर बनवू, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच देशाने अण्वस्त्रधारी पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. असा देश आज कशामुळे थांबला आहे आणि त्यातले कोणते कारण डळमळू लागले आहे, हे त्या चार ओळींत लिहावे.